जुनी मोटारसायकल पडवीत येते तेव्हा...

मैत्रिणींनो, घरातल्या जुन्या वस्तू जपायच्या म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? आजीचं तांब्याचं घंगाळं, सासूबाईंचं शिवणयंत्र, फार तर पाटा-वरवंटा. पण हल्ली आणखी एक जुनी वस्तू घरात मानाने येऊन बसू लागली आहे. ती म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीची जपानी मोटारसायकल! वसई-पापडीच्या वाडीतली पडवी असो, नाहीतर विरारच्या इमारतीतली पार्किंगची जागा असो, रविवार आला की पुरुषमंडळी तिच्याभोवती उकिडवी बसतात. नट-बोल्ट फरशीवर पसरतात, जुन्या धोतराची फडकी काळी होतात, आणि आपण चहाचा कप पुढे करून विचारतो, "अहो, हे कधी आटपायचं?"

प्रश्न रास्तच आहे. पण गाडी उघडली गेली की पैसा घरचा जातो, जागा घरची अडते आणि त्या गाडीवर मागच्या सीटवर बसायचं असतं तेही आपल्यालाच. तेव्हा ह्या उद्योगाची थोडी माहिती आपल्यालाही हवी, नाही का?

हामामात्सूहून आपल्या दारी

जपानात हामामात्सू नावाचे एक शहर आहे. आपल्याकडे नावाजलेल्या तीन जपानी मोटारसायकलींची मुळे ह्या एकाच गावात सापडतात. मिचिओ सुझुकी ह्यांनी तिथे १९०९ साली हातमाग बनवण्याचा कारखाना काढला. तोराकुसु यामाहा ह्यांनी १८८७ साली तिथल्या एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, मग स्वतःच ऑर्गन बनवायला घेतले. यामाहाच्या बोधचिन्हात तीन स्वरकाटे एकमेकांत गुंफलेले दिसतात, ते त्यामुळेच! त्या कंपनीची पहिली मोटारसायकल १९५५ सालची. तांबड्या रंगामुळे लोक तिला 'लाल चतुर' म्हणू लागले. आणि सोइचिरो होंडा ह्यांनी महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, लष्कराची उरलेली छोटी इंजिने सायकलींना जोडली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून चक्क अंग शेकायची गरम पाण्याची बाटली लावली होती, आणि ती सायकल गावातून चालवून दाखवली ती त्यांच्या पत्नीने, साची होंडा ह्यांनी. म्हणजे बघा, ह्या गाड्यांच्या गोष्टीत बाई अगदी पहिल्या पानापासून आहे!

आपल्याकडे १९८०च्या आधी बुलेट, राजदूत, येझदी अशा जड गाड्या होत्या, आणि स्कूटरसाठी तर वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. मग जपानी सहकार्याच्या हलक्या, १०० सीसीच्या गाड्या आल्या. १९८४ साली इंड-सुझुकी, १९८५ साली हीरो होंडा सीडी-१०० आणि यामाहा आरएक्स-१००, १९८६ साली बजाजची कावासाकी केबी-१००. त्याआधी १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाचीच मोठी ३५० सीसीची राजदूतही आणली होती.

ह्यांतली आरएक्स-१०० म्हणजे पुरुषांच्या मनातली अगदी लाडकी. ९८ सीसीचे इंजिन, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. अंग हलके आणि ताकद भरपूर, त्यामुळे गाडी सुसाट पळे. १९९६ साली ती बंद झाली. धुराचे नियम कडक होत गेले आणि तिच्या जातीच्या इंजिनांना ते पाळणे अवघड झाले.

आत काय असतं?

"आम्हाला काय कळतंय त्यातलं!" असं म्हणू नका. जी बाई कुकरची रिंग बदलते, मिक्सरचा आवाज ऐकून भांडं नीट बसलं नाही हे ओळखते, शिवणयंत्राला तेल कुठे सोडायचं हे जाणते, तिला मोटारसायकल कळायला काही हरकत नाही.

आरएक्स-१०० टू-स्ट्रोक जातीची. पिस्टन एकदा वर-खाली झाला की प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. हीरो होंडा फोर-स्ट्रोक, तिथे दोन फेऱ्यांना एक ठिणगी. म्हणून पहिली जोरकस आणि दुसरी काटकसरी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर टू-टी ऑइलही जळते. तो निळसर धूर आणि तो खास वास त्याचाच. तेलाची काजळी सायलेन्सरमध्ये धरते, अगदी कंदिलाच्या काचेसारखी, आणि मग गाडी गुदमरते. पुष्कळदा 'इंजिन गेलं' म्हणून घाबरवतात, आणि असतो नुसता तुंबलेला सायलेन्सर!

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मापाने मिसळणारे भांडे. त्याच्या तळाशी एक तरंगणारी डबी असते. संडासच्या फ्लशच्या टाकीत चेंडू वर आला की पाणी थांबते ना, तसेच ही डबी वर आली की पेट्रोल थांबते. ह्या भांड्यात सुईच्या टोकाएवढी भोके असलेले पितळी जेट असतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीतले पेट्रोल चिकट राळ होऊन त्यांत बसते. ती साफ करताना तार खुपसू देऊ नका. भोक केसभर मोठे झाले तरी माप चुकते आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. साफ करायचा फवारा मारावा आणि हवेने उडवावे, एवढेच.

आरएक्सच्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या तोंडाशी पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना 'रीड' म्हणतात. बाजाच्या पेटीत असतात तशाच पट्ट्या, फक्त इथे सूर निघत नाही. हवा आत येऊ देते आणि परत जाऊ देत नाही. ऑर्गनवाल्याच्या कंपनीची गाडी शोभते, नाही?

सिलिंडरलाही माया असते

आपण ब्लाउज शिवताना शिवणीत माया ठेवतो. अंग भरलं की उसवून सैल करता येतं. सिलिंडरचं अगदी तसंच आहे बरं का! पिस्टन घासून घासून सिलिंडर आतून झिजतो. मग लेथवाल्याकडे तो आतून किंचित मोठा करून घेतात आणि त्यात पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवतात. पुढच्या खेपेला अर्धा, मग पाऊण, फार तर एक मिलिमीटर. त्यापुढे माया संपली! म्हणून जुनी गाडी विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न: "सिलिंडर कितव्या साइझवर आहे?" हा प्रश्न बाईच्या तोंडून आला की विकणारा जरा सरळ बसतो.

पिस्टन जाम झाला असेल तर किकवर उड्या मारू नयेत. प्लग काढून भोकातून थोडे डिझेल किंवा गंज सोडवायचे तेल सोडावे आणि चार-आठ दिवस वाट पाहावी. तापलेल्या कुकरचे झाकण ओढून उघडतो का आपण? तसेच हे.

आणखी एक बारीक गोष्ट. मूळ जपानी बनावटीच्या स्क्रूंची खाच आपल्या नेहमीच्या फुली स्क्रूड्रायव्हरला नीट बसत नाही. दिसायला सारखी, पण जोर दिला की डोके खराब होते. त्या मापाचा वेगळा स्क्रूड्रायव्हर मिळतो, तोच आणायला सांगा. पाने मात्र ठरलेले, दहा, बारा, चौदा आणि सतरा नंबरचे.

आपली खारी हवा आणि गंज

वसई-विरारला खाडी आहे, समुद्र आहे, मिठागरे आहेत. हवा खारी, पावसाळा चार महिन्यांचा. भिंतीवरच्या खिळ्यालाही इथे गंज चढतो, तर पत्र्याच्या टाकीची काय कथा! त्यातून पुराचे पाणी. २०१८ सालच्या ९-१० जुलैला काय झाले ते आपण विसरलेलो नाही. लोकल बंद, वीज गेलेली, मिठागरातली माणसे पाण्यात अडकलेली. त्या पाण्यात कितीतरी दुचाक्या उभ्या होत्या.

गाडी पुरात बुडाली तर कुणालाही लगेच किक मारू देऊ नका. इंजिनातले तेल काढून पाहावे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर पाणी आत गेले आहे. तेल बदलून, प्लग काढून, सगळे कोरडे करूनच पुढचे काम.

टाकीतल्या गंजासाठी एक उपाय आपल्या फडताळातच आहे: लिंबूसत्त्व! टाकी गाडीवरून उतरवून, पेट्रोल पूर्ण काढून, पाण्याने धुऊन घ्यावी. नळ काढून भोक बंद करावे. मग कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून ते टाकीत काठोकाठ भरावे आणि एक रात्र ठेवावे. आम्ल गंज खाते आणि पाणी पिवळसर काळे होऊन बाहेर येते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळावे, म्हणजे उरलेले आम्ल मरते. मग चांगली उन्हात वाळवावी आणि आत थोडे तेल फिरवावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस थर. पण टाकीला डाग द्यायचा असेल तर घरी मुळीच नको! रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि ती ठिणगीने फुटते.

आणि आताच्या पेट्रोलबद्दल. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून नव्या पेट्रोलला चालणाऱ्या नळ्या बसवाव्यात आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी-कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे.

रंगकामही पावसाळ्यात नको. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. आषाढ-श्रावणात गाडी उघडावी, सुटे भाग जमवावेत आणि रंग दसरा-दिवाळीनंतर. "दसऱ्याला हार घालायचाच" असा हट्ट असेल तर मागच्या वर्षीच्या दसऱ्यालाच सुरुवात करायला हवी होती, असं खुशाल सांगा! मे महिन्यातही नको, कारण तेव्हा गच्चीवर आपल्या कुरडया वाळत असतात.

आरसी बुकावर नाव कुणाचं?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गाडी घरात उभी असते, पण कागदोपत्री ती कुणाची?

आमच्या घरची गोष्ट सांगते. मामंजींची आरएक्स-१०० होती. ते गेले आणि गाडी पडवीत गोणपाटाखाली उभी राहिली. सहा-सात वर्षांनी एक गिऱ्हाईक आले, चांगली किंमत देऊ लागले. धाकटे दीर म्हणाले, विकून टाकू. आमचे हे म्हणाले, मी दुरुस्त करतो. दोघांची जुंपली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "विका नाहीतर ठेवा. पण आधी माझं नाव लावा. हप्ते मी भरलेत, ब्लाउज शिवून."

सगळे गप्पच झाले. हप्त्यांचं कुणाला ठाऊकच नव्हतं!

तर मैत्रिणींनो, मालक वारला की गाडी आपोआप कुणाच्याही नावावर होत नाही. वारसाने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचे असते. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी बुक, विमा आणि इतर वारसांची संमती लागते. उशीर झाला म्हणजे दार बंद झाले असे नाही, पण भुर्दंड आणि खेटे वाढतात. नावावर गाडी असायला लायसन लागत नाही, ते लागते चालवायला! आणि २०२१पासून आरसीवर वारस म्हणून आधीच नाव नोंदवायची सोय झाली आहे. ती अवश्य करून घ्या, तुमच्या रोजच्या स्कूटरसाठीसुद्धा.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची नोंद बहुधा ठाण्याची, एमएच-०४ची. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला; वसईची पाटी एमएच-४८. पुष्कळ जुन्या पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढलेल्या नसतात. तेव्हा एका पैशाचाही सुटा भाग आणण्याआधी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर घालून पाहा. नोंद दिसत नसेल तर आधी कचेरी, मग गॅरेज.

नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. १५ वर्षांवरच्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण करही आहे. चेसिस आणि इंजिनाचे नंबर रंगाच्या थराखाली बुजू देऊ नका, तपासणीला त्यांचा पेन्सिलीने छाप घेतात. रंगही आरसी बुकात लिहिलेलाच ठेवावा. बदलायचा तर नोंद करून घ्यावी लागते. आणि कुणी 'विंटेज आहे' म्हणून भाव वाढवू लागला तर हसून सांगा, की २०२१च्या नियमाप्रमाणे ५० वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गाडी विंटेज ठरत नाही. पहिल्या आरएक्स-१००लासुद्धा २०३५ साल उजाडावे लागेल!

सासूबाईंच्या नावावर गाडी झाली. मग त्यांनीच ठरवलं, विकायची नाही.

साडी गार्ड हलवू देऊ नका

गाडी नटवताना पुरुषांचा पहिला डोळा जातो साडी गार्डवर. "शोभत नाही," म्हणून ते काढून माळ्यावर टाकतात. इथे आपण ठाम राहायचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचे निदान अर्धे चाक झाकणारे कवच असायलाच हवे. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. ही तीन कामे झाल्याशिवाय मी मागे बसणार नाही, असं पहिल्याच दिवशी सांगून टाका. हेल्मेटही दोन हवीत, एक नव्हे.

घराला धोका नको

गाडी उघडलेली असताना एवढे पाळा:

• बंद खोलीत किंवा शटर ओढून इंजिन चालू करू देऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.

• पेट्रोल थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लेकरू तहानेला उचलून तोंडाला लावते. देवघरातले निरांजन आणि गॅसची शेगडी ह्यांपासून काम दूर हवे.

• जुन्या ब्रेकच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे.

• क्रोमचा मुलामा घरी द्यायच्या भानगडीत पडू नये. त्यातली रसायने विषारी असतात. ते काम कारखान्यात द्यावे. सुटे भाग घेऊन जाताना मोजून द्यावेत आणि मोजून घ्यावेत.

• नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवावेत आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवावी. उघडण्याआधी प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढावा. वायर कुठली कुठे जाते, ह्यावरून पुढची निम्मी भांडणे टळतात.

• पेट्रोलने भिजलेले कपडे वॉशिंग मशिनमध्ये घालू नका, आग लागू शकते. आधी मोकळ्या हवेत वाळू द्या. ग्रीसच्या डागावर खडूची पूड दाबून ठेवा, झटका, मग भांड्यांच्या साबणाने चोळा.

• हात पेट्रोलने धुवायची पुरुषांची सवय मोडा. थोडे गोडेतेल आणि चमचाभर साखर चोळली की काळे निघते, आणि कातडी फाटत नाही.

हिशेबाची वही आपल्याकडे

जुन्या गाडीचा खर्च एका रकमेने येत नाही, चिमूटचिमूट येतो. आज वायसर, उद्या केबल, परवा रिम. म्हणून वही आपल्याकडे ठेवावी आणि तीन रकाने करावेत. पहिला, सुरक्षिततेचा: ब्रेक, टायर, वायरिंग, दिवे. दुसरा, चालण्याचा: इंजिन, कार्बोरेटर, चेन. तिसरा, नटण्याचा: रंग, क्रोम, स्टिकर. पहिला पुरा झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, आणि दोन्ही पुरे झाल्याशिवाय तिसऱ्याला हात नाही. उत्साही माणूस नेमका उलटा जातो: टाकी चकचकीत आणि टायरला भेगा!

टायरचे वय ओळखायला सोपे आहे. त्याच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. 'न वापरलेला' म्हणून कुणी पंधरा वर्षांचा टायर गळ्यात मारत असेल तर तिथेच कळेल.

लहान लोखंडी कामे वसईतच होतात. वालीव-सातिवलीच्या औद्योगिक भागात लहान कारखाने पुष्कळ आहेत. बेअरिंग, हत्यारे ह्यांसाठी मशीद बंदरची नागदेवी, जुन्या जिनसांसाठी चोर बाजार. पुण्याला जाणे झाले तर बुधवार-रविवारचा जुना बाजार. एकदा तुम्हीही बरोबर जा. भाव करण्यात आपला हात कुणी धरणार नाही, आणि परतीच्या विरार लोकलमध्ये मांडीवर सायलेन्सर घेऊन बसलेल्या नवऱ्याकडे बघायला मजाही येते!

शेवटी एकच सांगते. गाडी पुरी होईल तेव्हा होईल. पण आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी काढा आणि आरसी बुक उघडून बघा. नाव कुणाचं आहे, मुदत कधी संपते, विमा चालू आहे का. हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि त्याला पाना लागत नाही.